चार वर्षे झाली, सगळे म्हणतात 'सावरलीस'. सावरणे म्हणजे नेमके काय?

अबोली

नमस्कार. इथे मी बरेच दिवस नुसती वाचत आले आहे. लिहिते आहे ती पहिल्यांदाच, त्यामुळे काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

माझे वय ३७ आहे. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी, मुलगी, मुलगा आणि सासूबाई असे चौघे राहतो. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे यजमान गेले. त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. नऊ दिवस ते रुग्णालयात होते. आम्हाला आत सोडत नसत, म्हणून मी रोज सकाळी स्टीलचा डबा भरून, त्यावर पांढरी पट्टी चिकटवून, नाव आणि खाट क्रमांक लिहून फाटकावरच्या माणसाकडे देत असे आणि संध्याकाळी रिकामा डबा परत घेत असे. डबा विसळून आलेला असला की आज त्यांना थोडे बरे वाटत असावे असे मी समजायचे, कारण खरकटा डबा परत देणे त्यांना कधीच आवडत नसे. नवव्या दिवशी डबा भरलेला परत आला. मेथीची भाजी आणि दोन भाकरी. त्या रात्री फोन आला. अंत्यदर्शन झाले नाही, दहावा घरातच चार माणसांत उरकला. तो डबा आजही फडताळात मागच्या बाजूला आहे. तो मला वापरवत नाही आणि टाकवतही नाही.

त्यानंतर मी थांबले नाही, एवढे खरे. दुकानातले सामान विकून देणी फेडली, वर्षभर एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले आणि आता एका पतसंस्थेत लिपिक आहे. लग्नाआधी केलेले बी.कॉम. असे उपयोगी पडेल, हे तेव्हा कुणाला माहीत होते! मुलगी दहावीत आहे, मुलगा सहावीत. सासूबाई माझ्या पाठीशी आहेत. नात्यातली माणसे म्हणतात की तू फार खंबीर आहेस, सावरलीस. ते प्रेमानेच म्हणतात, पण ऐकल्यावर मला गप्प व्हायला होते, कारण एप्रिल लागला की माझी झोप जाते, रुग्णवाहिकेचा आवाज आला की हातातले काम थांबते आणि हे कुणाला सांगितले तर 'अजून?' असा प्रश्न येईल याची भीती वाटते.

दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो. आमच्या व्यवस्थापकांनी सुचवले आहे की मी जी.डी.सी. अँड ए. ची, म्हणजे सहकार आणि लेखा विषयाच्या शासकीय पदविकेची परीक्षा द्यावी. उत्तीर्ण झाले तर पुढे लेखापरीक्षणाची वाट उघडते. हे ऐकून मला आनंद झाला, खरा आनंद, आणि घरी येईपर्यंत त्या आनंदाचीच टोचणी लागली. ते असते तर मी घराबाहेर पडलेच नसते. म्हणजे त्यांच्या जाण्यातून माझे काही चांगले होते आहे का? शिवाय परीक्षा मे महिन्यात असते, म्हणजे अभ्यासाचा महिना नेमका एप्रिल.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. सासऱ्यांच्या मागे जमीन सासूबाई, दीर आणि यजमान यांच्या नावावर लागली होती. दीर म्हणतात की सगळे एका नावावर असले की कर्जाला सोपे जाते, तू एका कागदावर सही कर. माणूस वाईट नाही. पण माझा हात पुढे होत नाही.

तर माझा प्रश्न असा आहे की मी सावरले आहे, की नुसती चालत राहिले आहे? आणि या दोन्हींत फरक असेल तर तो माणसाने ओळखावा कसा?

तेरणाकाठ

अबोलीताई, तुमचा डबा वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी किल्लारीच्या पट्ट्यातली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याकडे भूकंप झाला, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून गाव उशिरा झोपले होते. आमच्याकडची जुनी घरे म्हणजे दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारे हे घर, पण भिंत फुटल्यावर तेच माळवद अंगावर आले. मी आजीबरोबर बाहेर ओसरीच्या कडेला झोपले होते. आई, वडील आणि धाकटी बहीण आत होते. त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसे गेली आणि बावन्न गावे मुळासकट उठवून दुसरीकडे वसवावी लागली.

मी तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेन असे वाटत नाही. आमच्या घरात काय घडत गेले, तेवढे सांगते.

त्या वर्षी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांत मी होते. आजी मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. वसतिगृहात पहिले कित्येक महिने आम्हा मुलांना दाराजवळची जागा हवी असायची आणि त्यावरून भांडणे व्हायची. कोणी खाट ओढली, जमीन किंचित थरथरली की अर्धी खोली बाहेर धावायची. तिथल्या ताई आम्हाला 'घाबरू नका' असे म्हणत नसत. त्या आमच्याबरोबर बाहेर येऊन उभ्या राहायच्या, मोजणी करायच्या आणि सगळे आहेत हे मोठ्याने सांगून आत न्यायच्या. बाहेर धावण्याबद्दल आम्हाला कधी रागावले गेले नाही. हळूहळू धावणारी मुले कमी होत गेली. मी मात्र आठवीपर्यंत धावत होते.

पहिल्यांदा मनापासून हसले तो दिवस मला आठवतो. खो-खोच्या सामन्यात आमचा संघ जिंकला होता. हसले आणि लगेच पोटात गोळा आला, की आई तिकडे मातीत आहे आणि मी इथे हसते आहे. तुम्हाला परीक्षेच्या आनंदाची जी टोचणी लागली, ती हीच असावी. सुटीत हे आजीला सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी आय तुला हसवायसाठी जीव टाकायची. ती गेली म्हणून तिचं काम बंद करायचं व्हय?" पुढे काही बोलली नाही. मला भाकरी वाढली.

पण आजीला खंबीर म्हणायला मी तयार नाही. नवे गाव वसले तेव्हा घरे जमिनीच्या प्रमाणात दिली गेली. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे आणि मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. त्यामुळे जुन्या गल्लीतली शेजारीण चार रांगा पलीकडे गेली. सगळे रस्ते सरळ, सगळी घरे सारखी, आणि आजी पहिले वर्षभर स्वतःचे घर चुकायची. ती दुपारी रडायची, रात्री पत्र्याखालीच झोपायची, पक्क्या छताखाली झोपायला तिला तीन पावसाळे लागले. एक गोष्ट मात्र तिने कधी चुकवली नाही. रोज दिवेलागणीला ती चार रांगा ओलांडून जुन्या शेजारणीच्या दारात जाऊन बसायची. कधी बोलायच्या, कधी नुसत्याच शेंगा फोडत बसायच्या. सरकारने आम्हाला घर दिले, पण गल्ली आजीने स्वतःच्या पायांनी पुन्हा जोडली. मी मोठी झाल्यावर लोक 'मानसिक बळ' वगैरे शब्द वापरू लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच चालणे येते.

आणखी एक सांगते. माझी मावशी ज्या गावात होती ते गाव हलवले नाही. तिथे पडझड झालेली घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्या कामासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. मावशी त्यांतली एक. ती तेव्हा नुकतीच विधवा झालेली, पदर डोक्यावरून खाली न येणारी बाई. दगडी भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवायला मध्ये आरपार जाणारा लांब दगड बसवायचा असतो, हे ती शिकली आणि गवंड्याने तो टाळला की तिथेच उभी राहून भिंत उतरवायला लावायची. ती एकदा मला म्हणाली, की नवरा गेल्यावर मला पहिल्यांदा भूक लागली ती त्या भिंतीवरून अभियंत्याशी भांडून आले त्या दिवशी. तिच्या दुःखातून तिचे भले झाले, असे मी कधीच म्हणणार नाही. दुःख होते आणि काम आले. कामाने दुःखाची जागा घेतली नाही, पण बाईला जागा दिली.

मी आज लातूरला शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे आणि माझे बरे चालले आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी अजूनही दाराच्या बाजूला झोपते. माझ्या नवऱ्याला ते ठाऊक आहे. तो त्या आठवड्यात आपली उशी न सांगता पलीकडे सरकवतो. तुम्हाला 'अजून?' असे कुणी विचारले तर माझे नाव सांगा, ताई. तीस वर्षे उलटून गेली तरी अजून.

समुपदेशक, नाशिक

वरचा प्रतिसाद वाचल्यानंतर माझ्याकडे फार वेगळे काही सांगण्यासारखे नाही, पण गेली सतरा वर्षे शोकग्रस्त कुटुंबांबरोबर काम करत असल्यामुळे काही गोष्टींना नावे देता येतील. नाव मिळाले की आपण एकटेच असे नाही हे कळते आणि त्यातून थोडा आधार मिळतो, असा माझा अनुभव आहे.

'सावरले आहे की चालत राहिले आहे' या प्रश्नात असे गृहीत आहे की दुःखाचा एक काठ सोडून माणूस दुसऱ्या काठाला लागतो. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाचे जे प्रारूप मांडले, ते याहून खरे आहे असे मला वाटते. त्यांच्या म्हणण्यानुसार शोकातला माणूस दोन दिशांमध्ये झोके घेत असतो. एकीकडे गेलेल्या माणसाची ओढ, आठवणी, रडणे. दुसरीकडे बँकेचे काम, मुलांची फी, नवी नोकरी, नवी ओळख. निकोप शोकात माणूस दोन्हीकडे जातो आणि दोन्हींतून अधूनमधून विसावाही घेतो. काळजी वाटते ती झोका एका टोकाला अडकला तर. तुमचे लिहिणे वाचून असे वाटते की तुमचा झोका चालू आहे. मात्र एका दिशेकडचे तुम्ही जगाला दाखवता आणि दुसऱ्या दिशेकडचे लपवता, कारण 'खंबीर' हे विशेषण टिकवायचे आहे. ते टिकवण्यातच तुमची पुष्कळशी शक्ती खर्च होत असावी.

एप्रिलमध्ये झोप जाणे ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. तारीख मनाच्या आधी शरीराच्या लक्षात येते. अशा वेळी महिना अंगावर येऊ देण्यापेक्षा त्याची आधी तयारी करावी. पुढच्या एप्रिलसाठी मार्चमध्येच ठरवा की त्या नऊ दिवसांत रात्री सोबतीला कोण येईल, मुलांचे जेवण कुणाकडे असेल, आणि अभ्यास त्या काळात नवा करायचा नाही, फक्त उजळणी करायची. परीक्षेचा अभ्यास ऑक्टोबरमध्ये सुरू केलात तर हे जमण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत हजारो घरांत माणूस गेला, पण त्याला निरोप दिला गेला नाही. आपल्याकडे दहावा, तेरावा, माणसांचे येणे-बसणे, कुणीतरी पिठले-भाकरी घेऊन येणे या सगळ्यांचा विधीपलीकडे एक उपयोग असतो, तो म्हणजे घडले ते चारचौघांत मान्य होते. ते राहून गेले असेल तर चार वर्षांनीही करता येते. मी काही कुटुंबांना फक्त एवढेच सुचवतो की एका रविवारी त्यांच्या मित्रांना, दुकानावरच्या गिऱ्हाइकांना घरी बोलवा आणि ज्याला जे आठवते ते बोलू द्या. मुलांना आपल्या वडिलांविषयी अनोळखी माणसाच्या तोंडून काही ऐकायला मिळते, ते त्यांच्याजवळ आयुष्यभर राहते.

आता आनंदाच्या टोचणीविषयी. आघातानंतर काही माणसांमध्ये होणाऱ्या वाढीचा अभ्यास रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केला आणि १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी एकवीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्वतःच्या बळाची जाणीव, नव्या शक्यता, नात्यांतली जवळीक, जगण्याचे मोल आणि आध्यात्मिक बदल अशी पाच क्षेत्रे त्यांनी सांगितली. यात ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की ही वाढ आघातामुळे होते असे ते म्हणत नाहीत. आघातानंतर माणूस जी झुंज देतो, तिच्यातून ती होते. म्हणजे जी.डी.सी. अँड ए. चे श्रेय तुमच्या यजमानांच्या मृत्यूला जात नाही, ते तुमच्या चार वर्षांच्या कष्टांना जाते. आणि ज्यांची अशी वाढ होत नाही, ती माणसे कुठे कमी पडली असेही नाही. वाढ आणि वेदना एकाच घरात राहतात.

मुलांची काळजी करत असाल तर हवाई बेटांपैकी काउआई बेटावरचा अभ्यास सांगतो. एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. ज्यांच्या बालपणी गरिबी, आजार, घरातली पडझड अशी अनेक संकटे एकत्र आली होती, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे समर्थ, प्रेमळ माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते, मग ते आईवडीलच असावेत असे नाही. तुमच्या मुलांना अशी दोन माणसे आहेत. सासूबाईंना धरून.

शेवटी एक सावधगिरी. वर्ष उलटूनही जवळजवळ रोज, दिवसभर तीव्र ओढ राहणे, मृत्यू झाला हेच मनाला न पटणे, जगण्यात काही अर्थ न वाटणे आणि त्यापायी कामधाम थांबणे, असे असेल तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या लिहिण्यात मला ते दिसत नाही. पण झोप महिनोन्‌महिने परतली नाही, किंवा मरणाचे विचार आले, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवंती

मला फक्त डब्याविषयी लिहायचे आहे. माझ्या मुलाची सायकल सहा वर्षे जिन्याखाली होती. सगळ्यांनी मला ती देऊन टाकायला सांगितले, कोणी म्हणाले त्यामुळेच तू अडकली आहेस. मी दिली नाही. सहाव्या वर्षी शेजारच्या मुलाने मागितली, तेव्हा माझ्या तोंडून 'ने' असे निघाले आणि मग मी बसून रडले, पण परत मागितली नाही. डबा राहू द्या फडताळात. तो कुणाचे काही अडवत नाही.

नमुना सहा

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. अबोलीताईंच्या तिसऱ्या गोष्टीकडे कुणी वळले नाही, म्हणून लिहितो. ती मला पहिल्या दोन्हींइतकीच महत्त्वाची वाटते. माणूस गेल्यावर घरातल्या बाईचे मन किती लवकर सावरते, हे पुष्कळदा तिच्या नावावर काय राहिले यावर ठरते, हे मी चावडीत बसून पाहिले आहे.

ज्या कागदावर सही मागितली जाते आहे ते बहुधा हक्कसोडपत्र आहे. ते वाचल्याशिवाय आणि तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले की तुमचा हिस्सा गेला. मग ते कर्जासाठी तात्पुरते होते असे म्हणता येत नाही. तुमच्या यजमानांच्या हिश्शाला हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस आहेत पत्नी, मुलगी, मुलगा आणि आई, चौघेही समान. मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, आहेत तोवर त्यांचा हिस्सा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय आईलाही सर्वसाधारणपणे सोडून देता येत नाही, आणि दिरांना नकार देताना हे कारण पुढे करणे सोपे जाईल. 'माझे मी पाहिले असते, पण मुलांचे मला सोडता येत नाही' एवढे म्हटले तरी नाते न दुखावता विषय थांबतो.

आधी वारसनोंद झाली आहे का ते पाहा. सातबारा ऑनलाइन निघतो. त्यावर अजून यजमानांचेच नाव असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि आधारकार्डाच्या प्रती घेऊन तलाठ्याकडे अर्ज करा. नोंद वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये येते, मग फेरफार, म्हणजे हक्काच्या नोंदीतला बदल, धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. मुलांच्या नावांपुढे 'अ.पा.क.' लिहून तुमचे नाव आले आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. ही तीन अक्षरे म्हणजे 'अज्ञान पालन कर्ता'. पुष्कळ बायांनी मला विचारले आहे की हे काय लिहिले आहे, आणि सांगितल्यावर त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलेले मी पाहिले आहे.

आणखी एक. यजमानांच्या खात्याचे जुने पासबुक काढा आणि मे-जून २०२० च्या सुमारास ३३० रुपये वजा झाल्याची नोंद आहे का ते बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची तेव्हाची वर्गणी; ते वर्ष ३१ मे २०२१ पर्यंत चालू होते आणि विम्याची रक्कम २ लाख रुपये आहे. त्या धामधुमीत कित्येक घरांनी हे पाहिलेच नाही. आता उशीर फार झाला आहे, तरी उशिराचे कारण लिहून अर्ज द्या. नकार मिळाला तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. दोन्ही मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे महिना प्रत्येकी २,२५० रुपये मिळत आहेत का, तेही तपासा. ती योजना एक पालक गमावलेल्या मुलांनाही लागू आहे. मदत मागणे कमीपणाचे मानू नका. ते मुलांचे आहे.

कर्वे रस्ता

माझे वय ७९. माझी आजी महर्षी कर्वे यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमात शिकली होती, त्यामुळे त्याच संस्थेसाठी झटलेल्या पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी आमच्या घरात फार बोलले जायचे. विशीत वैधव्य आले, पंचविशी उलटल्यावर त्या लिहा-वाचायला शिकल्या, संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा केला आणि १९१८ मध्ये इंग्रजी धड येत नसताना त्या कामासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करूनही दिवस काढले. आजी सांगायची की बाई मोठी होतीच, पण ती उभी राहिली कारण मागे एक झोपडीतली शाळा होती आणि त्या शाळेत तिच्यासारख्या दहाजणी होत्या.

अबोली, तू परीक्षेला बैस. आणि तू कुंकू लावतेस की नाही ते मला माहीत नाही, पण २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी इथे पुण्यात बसून टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या आजीने त्या ठरावाची फार वाट पाहिली असती. मनाने उभे राहा असे बाईला सांगायचे आणि तिला हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, हे आपण फार वर्षे केले.

अबोली

सगळ्यांचे प्रतिसाद मी तीन-चार वेळा वाचले. लगेच उत्तर देऊ शकले नाही, आज तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

तेरणाकाठ ताईंचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या शेंगा फोडण्याच्या जागी आल्यावर त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या की मी दुपारी झोपते असे तुला सांगते, पण झोपत नाही. चार वर्षे आम्ही दोघी एका घरात एकमेकींपासून रडणे लपवत होतो. आता रात्री जेवणे झाली की थोडा वेळ ओट्यावर बसतो. फार काही बोलतो असे नाही.

सातबारा काढला. त्यावर अजून त्यांचेच नाव होते. वारसनोंदीचा अर्ज दिला आहे, नोटीस निघाली आहे. दिरांना मुलांच्या हिश्शाचे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले की वहिनी, मला हे ठाऊक नव्हते. खरेच ठाऊक नसावे. त्यांच्या कर्जासाठी दुसरा काही मार्ग आहे का हे मी आमच्या पतसंस्थेत विचारणार आहे.

पासबुक सापडले. २८ मे २०२०, तीनशे तीस रुपये. ती ओळ मी किती वेळ पाहत होते, सांगता येत नाही. त्यांनी मला याविषयी काही सांगितले नव्हते. बहुधा बँकेत कुणी अर्ज पुढे केला आणि त्यांनी मुलांचा विचार करून सही केली असावी. अर्ज दिला आहे. शाखेतल्या माणसाने उशीर झाला असे सांगितले, मी लेखी द्या म्हणाले, तेव्हा त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली.

समुपदेशकांनी सुचवलेल्या आठवणींच्या बैठकीचे अजून ठरवलेले नाही. दिवाळीनंतर करावी असे मनात आहे. मुलाने विचारले की बाबांच्या दुकानातले कोण कोण येईल, आणि त्यानेच वहीत नावे लिहायला घेतली. सध्या अकरा झाली आहेत, त्यांतली चार मला माहीत नव्हती.

नमुना सहा काका, एक विचारायचे राहिले. फेरफार प्रमाणित झाल्यावर त्याची नक्कल मला आपोआप मिळते, की त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो?

नमुना सहा

वेगळी मागावी लागते. फेरफार क्रमांक लिहून ठेवा, प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा आणि फेरफाराची नक्कल दोन्ही घ्या, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढून एक संच घरात आणि एक सासूबाईंच्या माहेरी ठेवा. नावांचे शुद्धलेखन तिथेच उभे राहून तपासा, विशेषतः मुलांचे. आधारकार्डावर जसे आहे तसेच हवे.